व्यवसायात्मिका बुद्धी आणि पटकथाकाराचा संकल्प

मराठीत ‘व्यवसाय’ हा शब्द आज धंदा, पेशा, उपजीविकेचे साधन या अर्थाने रूढ आहे. ‘आपला व्यवसाय कोणता?’ असे विचारले असता मनुष्य वकिली, शेती, अध्यापन असे उत्तर देतो. संस्कृतात मात्र या शब्दाचा मूळ अर्थ निश्चय असा आहे, आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४१ व्या श्लोकात तो त्याच अर्थाने आला आहे. शब्दाची फोड केली म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ‘वि’ आणि ‘अव’ हे दोन उपसर्ग व ‘सो’ हा धातू मिळून हा शब्द सिद्ध झाला आहे, आणि धातुपाठात ‘सो’ या धातूचा अर्थ अंतास नेणे, संपविणे असा दिला आहे. शेवट या अर्थाचा संस्कृतातील ‘अवसान’ शब्द याच धातूचा; चिकाटीचा वाचक जो ‘अध्यवसाय’ शब्द, तोही याच धातूचा. तात्पर्य, जी गोष्ट शेवटास नेण्याचे ठरले आहे तिलाच व्यवसाय हे नाव शोभते. मनात उठलेली इच्छा हा व्यवसाय नव्हे, आणि मोठ्या उत्साहाने केलेला आरंभ हाही व्यवसाय नव्हे.

हा शब्दार्थ एका विशिष्ट क्षेत्रात लावून पाहणे हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. चित्रपटगृह, दूरचित्रवाणी आणि घरबसल्या मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या मालिका यांमुळे पटकथालेखन हे आज देशभरातील अनेक तरुणांचे, आणि संसारात पडलेल्या कित्येक प्रौढांचेही, ध्येय झाले आहे. कोणी नोकरी सांभाळून रात्री लिहितो, कोणी नोकरी सोडून मुंबईची वाट धरतो. घरात पत्नी, आईवडील, मुले असतात. साठवलेला पैसा आणि सरणारी वर्षे दोन्ही पणाला लागलेली असतात. अशा ठिकाणी ध्येय तडीस कसे न्यावे, हा प्रश्न केवळ महत्त्वाकांक्षेचा राहत नाही. तो गृहस्थधर्माचा प्रश्न होतो. गीता हा उपजीविकेचे मार्ग सांगणारा ग्रंथ नव्हे, हे खरे. तथापि कर्म कसे घडते, कर्ता कोठे ढळतो आणि कशाने टिकतो, याची जी चिकित्सा तीत आहे ती कोणत्याही प्रामाणिक उद्योगास लागू पडते.

१. पटकथाकाराचे कर्म कोणते?

प्रथम कर्माचे स्वरूप निश्चित केले पाहिजे. हिंदी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन कामे बहुधा वेगवेगळी दाखविलेली असतात. कथा म्हणजे काय घडते. पटकथा म्हणजे ते पडद्यावर कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रसंगांतून, कोणाच्या दृष्टीने दिसते. आणि संवाद म्हणजे पात्रे काय बोलतात. पटकथेत प्रत्येक दृश्याच्या आरंभी ते घरात की बाहेर, कोणत्या स्थळी, दिवसा की रात्री, हे नमूद करतात. पुढे फक्त डोळ्यांस दिसणारे आणि कानांस ऐकू येणारे लिहितात. ‘त्याला फार पश्चात्ताप झाला’ हे वाक्य कादंबरीत चालते, पटकथेत चालत नाही. पश्चात्ताप झालेला मनुष्य काय करतो, हे तेथे दाखवावे लागते. ठराविक मांडणीत लिहिलेल्या पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, अशी ढोबळ मोजणी आहे. त्या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटास सुमारे १२० पाने लागतात.

येथे कादंबरीकार आणि पटकथाकार यांच्यातील भेद लक्षात घ्यावा. कादंबरी कागदावर पुरी होते. पटकथा कागदावर पुरी झाली तरी ती ज्या वस्तूसाठी लिहिली, तो चित्रपट, अद्याप झालेला नसतो. त्यासाठी निर्मात्याचे भांडवल, दिग्दर्शकाची दृष्टी, नटांची संमती, छायालेखक, संकलक, वितरक अशा अनेकांचे हात लागतात. म्हणून ‘माझा चित्रपट झाला पाहिजे’ हे ध्येय आणि ‘माझी पटकथा पूर्ण झाली पाहिजे’ हे ध्येय ही दोन भिन्न ध्येये आहेत. पहिले अनेकांच्या अधीन, दुसरे बहुतांशी स्वतःच्या अधीन. उमेदवार लेखकांचे संकल्प मोडतात त्यांतील पुष्कळ याच ठिकाणी मोडतात. जे आपल्या हाती नाही त्याचा ध्यास घेतला जातो, आणि जे हाती आहे ते उद्यावर टाकले जाते.

२. कर्मसिद्धीची पाच कारणे

अठराव्या अध्यायातील १४ व्या श्लोकात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला आहे. पटकथाकाराच्या बाबतीत हे सहज जुळते. निरोगी देह व बसण्याची निश्चित जागा हे अधिष्ठान; लिहिणारा हा कर्ता; भाषा, निरीक्षण, वाचन व मांडणीचे ज्ञान ही करणे; मसुदे करणे, खोडणे, पुन्हा लिहिणे, लोकांपुढे वाचून दाखविणे या चेष्टा. या चारांवर मनुष्याचा थोडाबहुत ताबा असतो. त्यापलीकडे जे उरते, म्हणजे निर्मात्याची आर्थिक स्थिती, नटांच्या तारखा, त्याच विषयावर दुसऱ्या कोणाचा आधीच आलेला चित्रपट, त्यास व्यवहारात दैव म्हणतात. पुढे १६ व्या श्लोकात, केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्यास यथार्थ दिसत नाही, असे सांगितले आहे. हे वचन यशस्वी माणसाचा गर्व उतरवते, तसेच अपयशी माणसाच्या छातीवरील ओझेही हलके करते. चित्रपट झाला तर तो एकट्याने केला नाही. झाला नाही तर तो एकट्याने बुडविला नाही.

या पाच कारणांचा खेळ सलीम खान आणि जावेद अख्तर यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. सलीम खान इंदूरहून मुंबईस आले ते नट होण्यासाठी. लहानसहान भूमिका करीत असता आपला पिंड लेखनाचा आहे हे त्यांना उमगले आणि लेखक अबरार अल्वी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. जावेद अख्तर १९६४ साली मुंबईत आले. चित्रीकरणाच्या वेळी पाटी धरण्यासारखी कामे त्यांनी केली. १९७१ साली ‘अंदाज’ आणि ‘हाथी मेरे साथी’ या चित्रपटांसाठी दोघांनी मिळून काम केले. म्हणजे जावेद अख्तर यांच्या बाबतीत मुंबईतील पहिल्या पावलापासून तेथवर सात वर्षे गेली. पुढे ‘जंजीर’ची पटकथा तयार झाली तेव्हा अनेक प्रस्थापित नटांनी ती भूमिका नाकारली. शेवटी ज्याचे कित्येक चित्रपट पडले होते अशा अमिताभ बच्चन यांना ती मिळाली आणि १९७३ साली चित्रपट प्रदर्शित झाला. नटांचा नकार हे दैव होते. परंतु प्रत्येक नकाराच्या वेळी पूर्ण लिहिलेली पटकथा हातात होती, हा पुरुषार्थ होता. ती अर्धवट असती, तर होकार देणारा भेटूनही त्याच्यापुढे ठेवण्यास काही नसते.

३. एक निश्चय आणि अनेक शाखा

दुसऱ्या अध्यायातील ४१ व्या श्लोकात निश्चयी बुद्धी एक असते आणि अनिश्चयी माणसाच्या बुद्धीस अनंत शाखा फुटतात, असा भेद केला आहे. उमेदवार लेखकाची वही उघडून पाहिली तर या श्लोकाचे भाष्य तेथे सापडेल. एका कथेची वीस पाने, दुसरीची बारा, तिसरीचे केवळ शीर्षक आणि एक चमकदार प्रसंग. मध्यापर्यंत आले की कथा अडते, आणि नेमक्या त्याच वेळी नवी कल्पना अधिक सुंदर भासू लागते. ती सुंदर भासते, कारण तिच्यातील अडचणी अद्याप समोर आलेल्या नसतात.

यास उपाय असा की एका वेळी एकच कथा निवडावी, आणि नव्या कल्पना वेगळ्या वहीत चार ओळींत टिपून ती वही मिटून ठेवावी. निवड करताना आपल्या अनुभवाच्या मातीतील कथा प्रथम घ्यावी. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या हिंदी चित्रपटाची कथा-पटकथा ग. दि. माडगूळकर यांची. तिच्या मुळाशी औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या कारागृहाचा प्रयोग होता, आणि तो माणदेशाचा परिसर म्हणजे माडगूळकरांची जन्मभूमीच. आपल्या गावाजवळची गोष्ट त्यांनी लिहिली, आणि तो चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात सन्मानित झाला. दूरच्या शहरातील गुन्हेगारीची कथा ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्यास हे उदाहरण पुष्कळ काही सांगेल.

निवड झाल्यावर ध्येयाचे रूपांतर दिनक्रमात करावे. ज्या ध्येयास दिवस आणि तास नेमलेले नाहीत ते ध्येय मनोराज्यातच राहते. नोकरी करणाऱ्या गृहस्थाचा हिशेब असा मांडता येईल. पहिले ६ आठवडे कथेचा सांगाडा, म्हणजे दृश्यांचा क्रम एका ओळीत एक याप्रमाणे लिहिण्यास द्यावेत. नंतर आठवड्यातील ५ दिवस रोज १ पान लिहिले, तर १२० पाने २४ आठवड्यांत होतात. मग २ आठवडे ते हस्तलिखित बाजूस ठेवावे, म्हणजे ते परक्याच्या डोळ्यांनी वाचता येते. पुनर्लेखनास १० आठवडे. एकूण ४२ आठवडे झाले. वर्षाचे उरलेले १० आठवडे सणवार, आजारपण, लग्नकार्ये आणि पाहुणे यांसाठी शिल्लक राहतात. संसारी माणसाने हे दहा आठवडे हिशेबात धरलेच पाहिजेत. जे धरत नाहीत त्यांचा नेम पहिल्याच दिवाळीत मोडतो, आणि मोडला म्हणून ते तो पुन्हा धरीत नाहीत.

पहिला मसुदा सदोष होईल ही भीती अनेकांस लिहू देत नाही. अठराव्या अध्यायातील ४८ व्या श्लोकात, अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसे सर्वच आरंभ दोषाने वेढलेले असतात, म्हणून सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये, असा आशय आहे. धूर निघतो म्हणून चूल विझविणाऱ्याच्या घरी अन्न शिजत नाही. पहिल्या मसुद्यातील धूर पुनर्लेखनाने कमी होतो. पण मसुदाच नसेल तर पुनर्लेखन कशाचे करावयाचे?

४. अभ्यास

मन आवरण्याचे साधन म्हणून सहाव्या अध्यायातील ३५ व्या श्लोकात अभ्यास आणि वैराग्य ही जोडी सांगितली आहे. अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे. सत्यजित राय कलकत्त्यात १९४३ पासून एका जाहिरातसंस्थेत चित्रकार म्हणून नोकरीस होते. त्या काळात एखाद्या साहित्यकृतीवर चित्रपट निघणार अशी घोषणा झाली की ते स्वतः तिची पटकथा लिहून काढीत. कधी दोन लिहीत: एक आपल्या पद्धतीची, दुसरी त्या चित्रपटाचे कर्ते जशी करतील असे वाटे तशी. पुढे चित्रपट आला की ताडून पाहता येई. या लेखनाचा मोबदला कोणी देणार नव्हते आणि ते कोणी वाचणारही नव्हते. ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण १९५२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले तेव्हा प्रारंभी ते सुट्टीच्या दिवशीच होई, कारण नोकरी चालू होती. पैशाअभावी ते अनेकदा थांबले. चित्रपट १९५५ साली पूर्ण झाला. ज्या हातांनी तो केला ते हात वर्षानुवर्षांच्या निनावी सरावाने तयार झालेले होते.

हा अभ्यास आजच्या लेखकास अधिक सुलभ आहे. पाहिलेल्या चित्रपटाची दृश्ये क्रमाने लिहून काढावीत. कोणत्या दृश्यात कथा पुढे सरकली आणि कोणते दृश्य काढले तर काही बिघडले नसते, याची नोंद करावी. गुरुमुखाने शिकावयाचे असेल तर पुण्याची १९६० साली स्थापन झालेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. कलकत्त्यात १९९५ पासून सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे. शिक्षणाने मार्ग दिसतो. चालणे मात्र ज्याचे त्याने करावयाचे.

५. तीन प्रकारचे कर्ते

अठराव्या अध्यायातील २६ ते २८ या श्लोकांत सात्त्विक, राजस व तामस कर्त्यांची लक्षणे दिली आहेत. तामस कर्त्याच्या लक्षणांत विषादी आणि दीर्घसूत्री हे दोन शब्द जवळ जवळ आले आहेत, हे मार्मिक आहे. दीर्घसूत्री म्हणजे कामाचा धागा लांबवीत राहणारा, एका दिवसाच्या कामास महिना लावणारा. जो लांबवतो तो खिन्न होतो, आणि जो खिन्न होतो तो आणखी लांबवतो. पटकथा ‘चालू आहे’ असे पाच वर्षे सांगणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिला म्हणजे या दोन शब्दांचा संबंध समजतो.

राजस कर्ता फळाकडे डोळे लावून बसतो आणि हर्षशोकांनी हेलकावतो. निर्मात्यापुढे कथा ऐकविण्यास चित्रपटव्यवसायात ‘नरेशन’ म्हणतात. निर्माता ‘छान आहे, कळवतो’ एवढेच म्हणाला तरी हा लेखक घरी पेढे आणतो. महिनाभर निरोप आला नाही की अंथरूण धरतो, आणि त्या महिन्यात एक ओळही लिहीत नाही. सात्त्विक कर्त्याचे वर्णन मात्र धृती आणि उत्साह यांनी युक्त, सिद्धी-असिद्धींत विकार न पावणारा, असे आहे. येथे उत्साह हा शब्द विसरता कामा नये. अनासक्ती म्हणजे उदासीनता नव्हे. सात्त्विक लेखक नरेशन पूर्ण तयारीने करतो, उत्तरासाठी ठराविक काळ थांबतो, एकदा विचारणा करतो, आणि दुसऱ्या सकाळी पुढच्या कथेच्या सांगाड्यास बसतो. नकार मिळाल्यास त्यातून दोन गोष्टी वेगळ्या काढतो: एक, पटकथेतील दोष, जो सुधारता येतो, दुसरी, निर्मात्याची रुची किंवा अडचण, जी सुधारणे आपल्या हाती नाही. तीन भिन्न माणसांनी एकाच दृश्याजवळ कंटाळा आल्याचे सांगितले, तर दोष दृश्यात आहे असे समजावे.

६. घर आणि ध्येय

गृहस्थापुढील सर्वांत कठीण प्रश्न हा की नोकरी सोडावी काय? यास सर्वांना एकच उत्तर देता येत नाही. तथापि पूर्वसूरींची उदाहरणे विचारार्ह आहेत. ख्वाजा अहमद अब्बास हे पत्रकार होते. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये १९३५ साली सुरू झालेले आणि पुढे ‘ब्लिट्झ’मध्ये चाललेले त्यांचे साप्ताहिक सदर १९८७ साली त्यांच्या निधनापर्यंत चालू होते. ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) यांच्या लेखनात त्यांचा वाटा मोठा; ‘आवारा’त त्यांच्यासमवेत वसंत साठे होते. मल्याळम साहित्यिक एम. टी. वासुदेवन नायर हे ‘मातृभूमी’ साप्ताहिकाच्या संपादकवर्गात होते. १९६५ साली ‘मुरप्पेण्णू’ने त्यांचे पटकथालेखन सुरू झाले, आणि उत्कृष्ट पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना चार वेळा मिळाला. १९९५ चे ज्ञानपीठही त्यांस लाभले. डिसेंबर २०२४ मध्ये ते निवर्तले. या दोघांच्याही हातात चित्रपटाबाहेरचे एक नियमित काम होते. त्या कामाने त्यांची चूल पेटती ठेवली, आणि रोज ठरल्या वेळी लिहावयाची शिस्तही दिली.

यावरून असे म्हणता येईल की पहिली पटकथा पूर्ण होईपर्यंत तरी उपजीविकेचे साधन सोडू नये. नोकरीमुळे वेळ मिळत नाही हे कारण खरे आहे की सोयीचे आहे, याची परीक्षा रोजच्या एका पानाने होते. नोकरी असताना ज्याचे एक पान होत नाही, त्याची नोकरी सुटल्यावर दहा होतील असा भरवसा नाही. तरीही नोकरी सोडणे भाग वाटले, तर घरातील सर्वांसमक्ष तीन गोष्टी ठरवाव्यात: किती महिन्यांचा घरखर्च बाजूस काढला आहे, त्या मुदतीत लेखक काय पुरे करणार आहे, आणि मुदत संपल्यावर काय करावयाचे. पत्नी किंवा पती, आईवडील यांना केवळ धीर धरण्यास सांगणे न्याय्य नव्हे. ज्यांचा त्याग मागावयाचा त्यांना हिशेब दाखविला पाहिजे. कुटुंबीयांचेही एक कर्तव्य आहे. ‘कधी लागणार तुझा सिनेमा?’ हा प्रश्न फळाविषयी आहे. त्याचे उत्तर लेखकापाशी नाही. ‘आजचे पान झाले काय?’ हा प्रश्न कर्माविषयी आहे. एक प्रश्न काटा होऊन सलतो, दुसरा आधार होतो.

आहार, विहार व निद्रा यांचे प्रमाण राखण्याविषयी सहाव्या अध्यायात १६ व १७ या श्लोकांत जे सांगितले आहे तेही येथे लागू आहे. आठवडाभर जागरणे करून चाळीस पाने लिहिणारा नंतर महिनाभर लेखणीस हात लावीत नाही. रोजचे एक पान लहान दिसते, पण शेवटास तेच पोचते.

७. पूर्ण लेखनाचे रक्षण

वैराग्य म्हणजे आपल्या श्रमाचे मोल सोडून देणे नव्हे. ‘जंजीर’च्या फलकांवर लेखकांची नावे नव्हती, तेव्हा सलीम-जावेद यांनी स्वतः रंगारी लावून ती लिहवून घेतली, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. कायद्याचा आधार तर याहून दृढ आहे. १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की केवळ कल्पना किंवा विषय यांवर कोणाचे स्वामित्व नसते. ते कल्पनेच्या विशिष्ट मांडणीवर असते. गप्पांत सांगितलेली कल्पना कोणी उचलली तर हाती काही राहत नाही. लिहून पुरी केलेली पटकथा लिहिल्या क्षणापासून लेखकाची असते. येथेही व्यवसाय शब्दाचा धात्वर्थ खरा ठरतो: जे अंतास नेले तेच आपले.

लेखनाची तारीख सिद्ध करण्यासाठी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद लेखकास आपली कथा वा पटकथा नोंदविता येते. नोंदणीने स्वामित्व निर्माण होत नाही. ते आहे याचा पुरावा मिळतो. कथा ऐकविण्यापूर्वीच ही नोंदणी करावी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्ती कायद्याने चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या कर्त्यास, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, इतर वापराच्या मानधनातील वाट्याचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क सोडून देण्याचे कलम करारात घातले तरी ते टिकत नाही. करारावर सही करण्यापूर्वी श्रेयनाम, हप्ते, आणि किती वेळा पुनर्लेखन करून द्यावयाचे, हे तीन मुद्दे लेखी आहेत की नाहीत ते पाहावे. आरंभीच्या घाईत यांकडे दुर्लक्ष करणाऱ्यास पुढे क्लेश होतात.

८. ध्येय सोडण्याचा प्रसंग

चिकाटीची स्तुती करताना एक प्रश्न टाळता येत नाही. ध्येय सोडणे कधी योग्य असते? मुंशी प्रेमचंद १९३४ साली अजंता सिनेटोन या संस्थेसाठी लिहिण्यास मुंबईस आले. छापखाना आणि नियतकालिके यांच्या कर्जाचा भार डोक्यावर होता. त्यांनी लिहिलेल्या ‘मजदूर’ या चित्रपटास सरकारी बंदीचा अडथळा आला. या व्यवसायाची रीत त्यांच्या प्रकृतीस मानवली नाही, आणि १९३५ साली ते काशीस परतले. ‘गोदान’ १९३६ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. चित्रपटाच्या मोजपट्टीने हे अपयश होय. परंतु मुंबईत हट्टाने राहणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. कादंबरी हा त्यांचा व्यवसाय होता, आणि तो त्यांनी शेवटास नेला.

अठराव्या अध्यायातील ५९ व्या श्लोकात अर्जुनाच्या निश्चयास मिथ्या व्यवसाय म्हटले आहे, कारण तो अहंकाराच्या आश्रयाने आणि स्वतःच्या प्रकृतीविरुद्ध केलेला होता. म्हणजे प्रत्येक निश्चय खरा असतोच असे नाही. लोक टाळ्या वाजवतील म्हणून, किंवा एकदा जाहीर केले म्हणून, धरून ठेवलेला निश्चय याच जातीचा. त्याच अध्यायात ७ व्या आणि ८ व्या श्लोकांत त्यागाचेही भेद आहेत: मोहाने केलेला त्याग तामस, कष्टाच्या भयाने केलेला त्याग राजस. तेव्हा सोडू पाहणाऱ्याने स्वतःस विचारावे की, हे काम आपल्या पिंडाचे नाही असे अनुभवाने कळले आहे, की ते अवघड जात आहे एवढेच? हा प्रश्न अर्ध्या पटकथेवर विचारू नये. अर्ध्या वाटेवर प्रत्येकास काम अवघडच वाटते, आणि त्या वेळी मन जे उत्तर देते ते भीतीचे असते. एक पटकथा पूर्ण करावी, ती एकदा तरी नीट पुन्हा लिहावी, चार जाणत्यांस वाचावयास द्यावी, मग विचारावे. पूर्ण केलेल्या कामानंतर सोडणारा मनुष्य मोकळा होतो. अपुरे सोडणाऱ्याच्या मागे ते अपुरेपण फिरत राहते.

सारांश

दहाव्या अध्यायातील ३६ व्या श्लोकात विभूतींच्या गणनेत व्यवसायाचा समावेश केला आहे. तेथे यशानंतर लगेच व्यवसायाचे नाव येते. म्हणजे यश हेच व्यवसाय नव्हे, ते दोन वेगळे मानले आहेत. पटकथाकाराने दोहोंतील जे आपल्या अधीन आहे ते धरावे. एक कथा, एक नेमलेली वेळ, एक रोजचे पान, आणि शेवटच्या पानापर्यंत न सुटणारा धागा, एवढे त्याचे कर्म. ते पूर्ण झाल्यावर जे घडेल त्यास तो सज्ज असतो, आणि ते पूर्ण न झाल्यास दाराशी आलेल्या संधीचाही त्यास उपयोग नसतो.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या हाती घेतलेल्या कोणत्याही कार्यात स्वाधीन भाग कोणता आणि पराधीन भाग कोणता, हे दोन स्तंभांत लिहून काढावे.
२. गेल्या वर्षी आरंभलेल्या परंतु अपुऱ्या राहिलेल्या कामांची यादी करून त्यांतील एकच प्रथम पूर्ण करावयाचे ठरविल्यास ते कोणते असेल?
३. दीर्घसूत्रीपणा आणि विषाद यांचा संबंध स्वतःच्या अनुभवातून तपासावा.
४. घरातील ज्याचे काही ध्येय आहे त्यास आपण फळाचा प्रश्न विचारतो की कर्माचा?